उलट या शब्दाचे अर्थ आणि आमची साष्टी

मराठी भाषेतील काही शब्द इतके रोजच्या वापरातले असतात की त्यांच्याकडे थांबून पाहावे असे आपल्याला कधी वाटतच नाही. ‘उलट’ हा त्यांपैकीच एक. मूल उलट उत्तर देते, घाईत अंगात घातलेला सदरा उलटा निघतो, वादळात होडी उलटते, न्यायालयात वकील साक्षीदाराची उलटतपासणी घेतो आणि पत्राचे उत्तर आपण उलट टपाली मागवतो. आजोबांची साठी उलटते, एखाद्या घटनेला वर्ष उलटते, पुस्तकाचे पान उलटते. विश्वासातला मनुष्य उलटला तर घात होतो, औषध उलटले तर आजार वाढतो. घरातील विणकाम करणाऱ्या भगिनींना मात्र या शब्दाचे भय नाही. त्या एक टाका सुलट, एक टाका उलट घालीत शांतपणे स्वेटर पुरा करतात. विरोध, परत येणे, पालथे होणे, काळ सरणे, दगा देणे आणि एकाच वस्तूची दुसरी बाजू, इतके सारे अर्थ हा एक शब्द वाहून नेतो.

हा शब्द आज विचारासाठी घ्यावा असे आम्हांस वाटले, त्याला कारण आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या परिसरातील आमच्या तरुणांना कधी शाळेत, कधी कचेरीत, ‘तुम्ही मूळचे आमचेच, पण उलटलेले’ अशा अर्थाचे बोल ऐकावे लागतात. मग आमच्याही काही घरांतून तितकेच उलट उत्तर निघते, आणि त्यात पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची उजळणी होते. दोन्ही पक्ष एकच शब्द एकाच अर्थाने वापरतात: उलट म्हणजे विरुद्ध, उलट म्हणजे वैरी. परंतु आपल्या भूमीचा इतिहास नीट पाहिला तर या शब्दाचे सारेच अर्थ येथे एकेक करून घडून गेलेले आहेत. त्यांतील एकच अर्थ उचलून बाकीचे टाकून देणे हे इतिहासालाही धरून नाही आणि भाषेलाही.

प्रथम पालथे होण्याचा अर्थ घेऊ. आजची ही उपनगरे ज्या बेटावर वसली आहेत त्याचे जुने नाव साष्टी. हे नाव सहासष्ट गावांवरून पडले असे मानतात. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईच्या तहाने वसई, साष्टी, मुंबई आणि आसपासची बेटे पोर्तुगिजांच्या हवाली केली. येथील कुणब्याला, आगऱ्याला, कोळ्याला त्या तहाबद्दल कोणी काही विचारले नव्हते. एका सकाळी राजा बदलला, आणि राजाबरोबर काही वर्षांतच देवळे, सण, जमिनीचे हक्क आणि माणसांची नावेही बदलू लागली. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १७३७ मध्ये, मराठ्यांच्या फौजा साष्टीत उतरल्या आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. होडी पुन्हा एकदा पालथी झाली. पुढे डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे जिंकले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. अडीचशे वर्षांच्या आत या बेटाने चार सत्ता पाहिल्या. होडी उलटते तेव्हा ती कोणी उलटवली हे होडीतल्या माणसाला पुष्कळदा कळतही नाही. पोहून काठ गाठणे एवढेच त्याच्या हाती असते. आमच्या पूर्वजांनी तेच केले. त्यांची स्तुती करताना किंवा त्यांना दोष देताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे न्यायाचे होईल.

यापुढचा अर्थ दुसऱ्या बाजूचा. कापडाला सुलट बाजू असते तशी उलट बाजूही असते. दोन्ही मिळून कापड एकच. याचे सर्वांत बोलके उदाहरण बोरिवलीत आहे. माउंट पॉइन्सरजवळील मंडपेश्वराची लेणी सुमारे सहाव्या शतकातील शैव लेणी मानली जातात. तेथे नटराजाचे भव्य शिल्प आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन संघाचे फादर आंतोनियो दो पोर्तो या भागात आले. त्यांच्या काळात या लेण्याचे पवित्र मरियेच्या नावाने प्रार्थनामंदिर झाले, लेण्याच्या माथ्यावर मठ आणि विद्यालय उभे राहिले आणि देवस्थानाचे उत्पन्न मठाकडे वळविण्यात आले. मराठी अंमलात मठाचे वैभव ओसरले. पुढे लेण्यात पुन्हा ख्रिस्ती उपासना झाली, आणि कालांतराने तीही थांबली. आज ही वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. लेण्यात शिवलिंगाची पूजा होते, वर मठाच्या भिंतींचे अवशेष उभे आहेत आणि आतील एका भिंतीवर मोठा क्रूस कोरलेला दिसतो.

मंडपेश्वराला जाणारा मनुष्य तेथे काय पाहतो, हे तो काय शोधायला गेला आहे त्यावर अवलंबून असते. एकाला देवळाचा विध्वंस दिसतो, दुसऱ्याला मठाचा. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. देवस्थानाचे उत्पन्न काढून घेणे आणि मूर्तींच्या जागी क्रूस कोरणे याला राजसत्तेचा हुकूम होता, ही गोष्ट आपण ख्रिस्ती म्हणून मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांविषयी जी आदराची दृष्टी आपल्याला दिली आहे तिच्याशी ते सुसंगत ठरणार नाही. त्याचबरोबर त्या मठातून जी मुले अक्षरे शिकली, ज्या कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या तेथे गुडघे टेकले, त्यांची श्रद्धा केवळ हुकमाची होती असे म्हणणेही अन्यायाचे आहे. दगड एकच आहे आणि त्याच्या दोन्ही बाजू आमच्या आहेत. आमच्या जुन्या पिढीतील माणसे चर्चला ‘देऊळ’च म्हणत आली. त्या शब्दाला कोणी बाप्तिस्मा दिला नाही, तरी तो आपोआप आमच्या भक्तीत राहिला.

अशीच कथा घंटांची. वसईच्या विजयानंतर तेथील चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी विजयचिन्हे म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातील प्रसिद्ध घंटा त्यांतलीच. गोदावरीच्या काठचे भाविक आज तिला नारोशंकराची घंटा म्हणूनच ओळखतात आणि तिच्यावर प्रेम करतात. तिच्याकडे पाहून आम्ही दुःख करावे की समाधान मानावे? आम्हांस वाटते, ती जिथे आहे तिथे देवाच्या नावानेच वाजते, एवढे पुरे आहे.

मराठी अंमलाविषयी बोलताना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या घरांतून क्वचितच सांगितली जाते. वसईच्या शरणागतीच्या अटींमध्ये ख्रिस्ती रयतेच्या उपासनेला मुभा देणारे कलम होते. पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले, अनेक चर्चेस ओस पडली, हे खरे; परंतु मागे राहिलेल्या कळपाची काळजी एतद्देशीय धर्मगुरूंनी वाहिली. आंकतील द्यु पेराँ नावाचा फ्रेंच विद्वान १७६० मध्ये साष्टीत हिंडला. ठाण्याच्या चर्चचा सण त्याने मराठ्यांच्या राज्यात उघडपणे, मोठ्या गर्दीत साजरा होताना पाहिला आणि तसे लिहून ठेवले. ज्यांना आम्ही आमच्या उलट गेलेले समजतो, त्यांच्याच राज्यात आमची तेवत राहिलेली ही मेणबत्ती आहे.

‘उलट’चा तिसरा अर्थ परत फिरण्याचा. उलट टपाल म्हणजे आल्या वाटेने जाणारे टपाल. १८२० च्या सुमारास आणि त्यानंतर काही वर्षांत साष्टी-वसई भागातील काही आगरी व कोळी ख्रिस्ती कुटुंबे पुन्हा हिंदू धर्मात गेली. समाजात त्यांना ‘वरप’ हे वेगळे नाव चिकटले. ज्यांच्यातून ती गेली त्यांनी त्यांना आपले मानले नाही, आणि ज्यांच्यात गेली त्यांनीही बराच काळ पंक्तीत वेगळेच बसवले. जाताना एकदा आणि परतताना एकदा, अशी दोनदा त्यांनी किंमत मोजली. धर्म पालटणारा मनुष्य कुठल्याही दिशेने चालला असला तरी त्याच्या मागे राहिलेली माणसे त्याला ‘उलटला’ असेच म्हणतात. पुढची माणसे ‘आला’ म्हणतात, पण आपल्या पंगतीत पाट देत नाहीत. वरप कुटुंबांची आठवण ठेवली तर ‘उलटलेले’ हा शब्द कोणाच्याही तोंडावर फेकण्यापूर्वी आपली जीभ थोडी अडखळेल.

चौथा अर्थ अंगावर उलटण्याचा, आणि तो आम्हांस परकीयांनी शिकविला नाही. तो आमच्या आपसांतला आहे. १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबई बेटावरून पोर्तुगीज पाद्रवादोच्या धर्मगुरूंना घालवून कार्मेलाईट धर्मगुरूंना, म्हणजेच रोमच्या प्रोपागांदाच्या माणसांना, आणले. १७८९ मध्ये हाच निर्णय उलटविण्यात आला, आणि १७९४ मध्ये भांडण मिटेना म्हणून मुंबईतील चार चर्चेस दोन्ही पक्षांत दोन-दोन वाटून देण्यात आली. एकाच गावात, एकाच कुटुंबात, दोन बिशपांना मानणारी माणसे झाली. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमधील लोकांनी प्रोपागांदाकडून पाद्रवादोकडे जाण्याचे ठरविले, तेव्हा बिशप हार्टमन चर्चमध्येच ठाण मांडून बसले. बाहेर लोकांनी वेढा दिला. सुमारे दोन आठवड्यांनी सरकारी अधिकाऱ्यांना मध्ये पडावे लागले. योगायोग असा की त्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला देशातील पहिली प्रवासी आगगाडी आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या भूमीवरून धावली. जग लोखंडी रुळांवरून पुढे निघाले होते आणि आम्ही एका दाराच्या किल्लीसाठी झगडत होतो. ही दुहेरी सत्ता पूर्णपणे संपावयास १९२८ साल उजाडले. ‘आमच्यावर इतर उलटले’ असे म्हणताना हे प्रकरण विसरता कामा नये.

या भांडणांच्या काळातच आम्ही एक नवे नावही घेतले. पूर्वी येथील कॅथलिकांना सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हणत. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली आणि मुंबई-साष्टी-वसईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. पश्चिम किनाऱ्यावरचे, शेकडो वर्षे अरबी समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेले लोक स्वतःला पूर्वेचे म्हणवू लागले! नकाशाच्या उलट असलेले हे नाव इंग्रजी कंपनीच्या नावावरून आले आणि त्यामागे नोकरी-व्यवसायात वेगळी ओळख मिळविण्याची निकड होती. आज ते नाव आम्ही प्रेमाने मिरवतो. घरात मात्र आई मुलाला मराठीतच हाक मारीत राहिली. हुमणाला आणि गाण्यांनाही मराठी नावेच राहिली.

काळ सरण्याचा अर्थ पाहावयाचा तर अंधेरी पूर्वेस जावे. कोंडिविटे गावात येशूसंघीय धर्मगुरूंनी १५७९ मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या नावाने चर्च बांधले. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगाने गाव उजाड झाले, आणि धर्मग्रामाने आपले बस्तान मरोळला हलविले. मूळ वास्तू रानात एकटी राहिली. साठी उलटली, शतक उलटले. १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र स्थापन झाले, आणि आज त्या चर्चचा छप्पर नसलेला दर्शनी भाग संगणकाच्या आणि दागिन्यांच्या कारखान्यांच्या मधोमध, कुंपणाच्या आत उभा आहे. तेथे भाविक वर्षातून एकदा मिस्साबलिदानासाठी जमतात. जिथे पूर्वजांनी भात लावला तिथे जाण्यास आता परवाना लागतो. या ओळीत जी सल आहे ती लपविण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. पण ‘उलटणे’ म्हणजे केवळ गमावणे नव्हे. पान उलटते तेव्हा मागचे पान फाटत नाही, ते पुस्तकातच राहते. वर्षातून एकदा भरणारी ती मिस्सा म्हणजे मागचे पान पुन्हा उघडून वाचणे होय.

जमिनीच्या प्रश्नावरून सत्तेच्या नकाशाकडे वळले पाहिजे, कारण सर्वांत मोठी उलटापालट तेथे झाली. पोर्तुगीज काळात वसई आणि ठाणे ही मोठी शहरे होती, आणि मुंबई हे त्यांच्यापुढे एक लहानसे बेट होते. १६६१ च्या विवाहाच्या करारात पोर्तुगालने ते इंग्लंडच्या राजाला आंदण देऊन टाकले. पुढे हेच आंदण मालकीण झाले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि बोरिवली, अंधेरी ही स्थानके वाटेवर आली. १८९६ च्या प्लेगच्या साथीत शहरातील धनिक साष्टीच्या मोकळ्या हवेत येऊन राहू लागले. मराठीत यालाच आपण ‘हवापालट’ म्हणतो, आणि ‘पालट’ हा ‘उलट’चाच जुळा भाऊ आहे. शहरवासीयांनी हवा पालटली. आमच्या गावठाणांतून मात्र त्याच साथीच्या वेळी उभारलेले क्रूस आजही रस्त्याच्या कडेला दिसतात, कारण प्लेग गावांनाही शिवला होता. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंतचा आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग मुंबई महापालिकेत आला. जी साष्टी मूळ होती ती ‘उप’ झाली. ज्या कुणब्याच्या शेतात पाहुणा आला होता, त्या कुणब्याचा नातू आता पाहुण्याच्या इमारतीत भाड्याने राहतो, हे दृश्य कोणत्याही गावठाणात पाहावयास मिळेल.

येथवर आम्ही या शब्दाचे जे अर्थ पाहिले ते सारे बाहेरून घडलेले. एक अर्थ मात्र आतून घडतो, आणि ख्रिस्ती माणसाला तोच सर्वांत जवळचा असावयास हवा. कोंडिविट्याच्या त्या ओस चर्चचा आश्रयदाता संत योहान यार्देनच्या तीरी ज्या गोष्टीची घोषणा करीत होता तिला ग्रीक शुभवर्तमानात ‘मेटानोइया’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ मन पालटणे. हिब्रू संदेष्टे त्यासाठी ‘शूब’ हे क्रियापद वापरतात, म्हणजे साध्या मराठीत मागे फिरणे, परतणे. मराठी बायबलात आपण ‘पश्चात्ताप’ हा शब्द वाचतो. तो सुंदर आहे, परंतु त्यात झाल्या गोष्टीचा ताप अधिक आणि वळून चालू लागणे कमी. लॅटिनमधील ज्या शब्दाचे आपण ‘धर्मांतर’ असे भाषांतर करतो त्याचाही मूळ अर्थ वळणे एवढाच आहे. एका धर्मातून दुसऱ्यात उडी मारणे हा अर्थ त्याला नंतर येऊन चिकटला. या अर्थाने पाहिले तर उलटणे हा कलंक नव्हे. ते प्रत्येक ख्रिस्ती माणसाचे रोजचे कर्तव्य आहे. थेस्सलनीकात प्रेषितांवर जगाची उलटापालट केल्याचा आरोप झाला होता आणि संत पेत्राला, परंपरा सांगते त्याप्रमाणे, उलट्या क्रूसावर मरण आले. आरंभापासूनच हा शब्द ख्रिस्तसभेच्या कुळाचा आहे.

आमच्यातील वयस्क वाचकांनी असे एक वळणे प्रत्यक्ष पाहिले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी, म्हणजे १९६२ ते १९६५ च्या आधी, धर्मगुरू वेदीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा अर्पण करीत. परिषदेनंतर ते लोकांकडे वळले आणि मिस्सा मराठीत झाली. काही वडीलधाऱ्यांना तेव्हा सारेच उलटे झाल्यासारखे वाटले. वस्तुतः वेदी तीच होती, बलिदान तेच होते. फक्त तोंडे समोरासमोर आली होती. आणि खेदाची गोष्ट ही की मराठी वेदीपर्यंत पोहोचली त्याच सुमारास ती आमच्या अनेक घरांतून बाहेर पडू लागली. आज आपल्या उपनगरांतील पुष्कळ कुटुंबांत आजी मराठीत विचारते आणि नातवंड इंग्रजीत उत्तर देते. उलट उत्तराचा हा प्रकार मोलस्वर्थच्या कोशात सापडणार नाही, पण समाजाच्या दृष्टीने तोच सर्वांत चिंतेचा आहे. सत्ता चारदा पालटल्या तरी जी भाषा टिकली ती स्वखुशीने सोडून दिली, तर मागच्या सर्व पानांचे वाचन करणारा पुढे कोणी उरणार नाही.

म्हणून ‘तुम्ही उलटलेले’ असे कोणी म्हटले तर आमच्या तरुणांनी संतापू नये आणि खजीलही होऊ नये. ज्या भूमीत ते राहतात ती अनेकदा उलटली आहे. त्यांचे पूर्वज कधी लोटले गेले, कधी स्वतः वळले, कधी परतले, कधी आपसांत भांडले. या सर्वांसह ते याच मातीचे राहिले. बोलणाऱ्याला सोबत घेऊन त्यांनी एकदा मंडपेश्वरी जावे. नटराज, क्रूस आणि माथ्यावरच्या पडक्या भिंती दोघांनी मिळून पाहाव्यात, आणि दोघांनी मराठीत बोलावे. वादात कोणाचा जय होईल ते सांगता येणार नाही. पण सुलट टाका आणि उलट टाका एकाच सुईवर असतात, हे दोघांच्याही आयांना ठाऊक आहे.